खरे असले तरी सांगावे काय?

बांद्याहून गोव्यात शिरले आणि पत्रादेवीचा नाका मागे टाकला, की महामार्गावर पेडणे तालुक्यातील धारगळ लागते. पूर्वी हे नाव तालुक्याबाहेर फारसे कोणाच्या कानी नसे. अलीकडे मात्र ते वर्तमानपत्रांत वारंवार येते. कधी क्रीडानगरीच्या बेतामुळे व तिच्यासाठी घ्यावयाच्या जमिनीवरून शेतकऱ्यांनी केलेल्या विरोधामुळे, कधी जवळच मोपा येथे झालेल्या विमानतळामुळे, तर कधी २०२२ साली सुरू झालेल्या आयुर्वेद संस्थेमुळे. आम्हांला तेथे जाण्याचे कारण यांपैकी कोणतेच नव्हते. आमच्या नात्यातील एक कुटुंब नोकरीनिमित्त त्या भागात राहते, त्यांच्याकडे दोन दिवस मुक्काम होता. बरोबर आमच्या मंडळीतील शब्बाथशाळेच्या एक शिक्षिकाबाई होत्या. त्यांच्या शाळेच्या उन्हाळी शिबिरासाठी जागा पाहावयाची होती.

दुसऱ्या दिवशी जवळच्या माळावर मुलांच्या शर्यती होत्या. काजूची झाडे कडेला, मध्ये लाल मातीचे मैदान, चुन्याने आखलेल्या रेघा. सकाळी धावणे आणि दुपारी मुलींचा फुटबॉलचा सामना. गोव्यात फुटबॉलचे वेड किती आहे हे वाचकांना सांगावयास नको, आणि आता तेथील मुलीही त्यात मागे नाहीत. तेथे चौदापंधरा वर्षांची एक मुलगी आम्ही पाहिली. आईबाप बाहेरून मजुरीसाठी आलेले. उंच, काटक, केस बारीक कापलेले. शंभर मीटरच्या शर्यतीत ती पहिली आली आणि दुसरी मुलगी तिच्या मागे इतकी दूर होती, की टाळ्या वाजविणारे क्षणभर थांबले. दुपारी हीच मुलगी स्वतःच्या गोलापासून चेंडू घेऊन निघाली, ती थेट दुसऱ्या टोकाला जाऊनच उभी राहिली.

आमच्या मागे काही स्त्रीपुरुष बसले होते. त्यांतील एक बाई म्हणाल्या, "गो, तें चेडूं न्हय, चेडो तो." सर्व हसले. मग एक गृहस्थ आवाज खाली आणून काही सांगू लागले. त्यांच्या ओळखीच्या कोणीतरी, कोठेतरी, काहीतरी पाहिले होते. आवाज खाली आणला होता हे खरे, पण इतकाच की तीन ओळींपर्यंत नीट ऐकू जावे. बक्षीस घ्यावयास ती मुलगी आमच्या समोरूनच गेली. स्टीलचा डबा होता. तो तिने छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने सदरा खाली ओढीत ती परत गेली. तिने ऐकले होते.

परतताना आम्ही शिक्षिकाबाईंजवळ खेद व्यक्त केला. बाई स्वभावाने कठोर नाहीत. वीस वर्षे मुलांना शिकवीत आल्या आहेत. पण त्या म्हणाल्या, "काका, वाईट वाटलं मलाही. पण एक सांगा, ते खरं असेल तर? खोटं बोलू नये हे आपण मुलांना शिकवतो. मग खरं बोललेलं चुकलं, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या वेळी सुचले नाही. गाडीत इतर विषय निघाले व तो मागे पडला. पण तो मनातून गेला नाही. ज्या भूमीवर तो विचारला गेला, त्याच भूमीवर काही वर्षांपूर्वी त्याने एक जीव घेतला होता, हे आम्हांला नंतर आठवले.

प्रतिमा गावकर ही गोव्याची मुलगी. पोहण्यात तरबेज आणि धावण्यातही. २००१ साली ब्रुनेई येथे आशियाई कनिष्ठ गटाच्या मैदानी स्पर्धा झाल्या. तेथे चार गुणिले चारशे मीटर रिले शर्यतीत रौप्यपदक मिळविणाऱ्या भारतीय चमूत ती होती. वय अठरा. त्यानंतर तिची स्त्रीत्वाची चाचणी झाली. तिचा निकाल प्रतिकूल आला, आणि तो चाचणी घेणाऱ्यांपाशी राहिला नाही. तो लोकांत गेला, लोक बोलू लागले. त्याच वर्षी प्रतिमाने आपले जीवन संपविले. ह्याहून अधिक तपशील देण्याची आमची इच्छा नाही. तिच्याविषयी एखाद्याने काही खोटे पसरविले असे कोणी म्हटलेले आम्ही वाचले नाही. जे पसरले ते एका चाचणीचा निकाल होता.

येथे आमचा आम्हांलाच प्रश्न पडतो, की तिचे नाव लिहून आम्ही वेगळे काय करीत आहोत? बराच वेळ आम्ही हा परिच्छेद लिहिला व खोडला. शेवटी ठेवला, तो एवढ्याचसाठी की गेली अनेक वर्षे तिचे नाव छापून येते ते त्या चाचणीच्या एका वाक्यापुरतेच. ती पाण्यात आणि जमिनीवर, दोन्हीकडे वेगवान होती, हेही कोठेतरी आधी लिहिले जावे. धारगळच्या मुलीचे मात्र नाव, गाव, काहीच आम्ही देणार नाही. तिच्या वर्णनातही आम्ही थोडा फेरफार केला आहे.

जगात अशा प्रकारची जी गोष्ट सर्वांत गाजली, ती दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्या हिची. लिंपोपो प्रांतातील एका लहान खेड्यात १९९१ साली तिचा जन्म झाला. तिला ओढ होती ती फुटबॉलची. धावणे सुरू केले ते फुटबॉलसाठी दम वाढावा म्हणून. ह्यात नवल नाही, आमच्याकडेही कितीतरी चांगले धावणारे खो-खो आणि कबड्डीतूनच वर आले आहेत. २००९ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे जागतिक स्पर्धेत आठशे मीटरची शर्यत तिने १ मिनिट ५५.४५ सेकंदांत जिंकली. वय अठराच. पण ती अंतिम शर्यतीसाठी रेषेवर उभी राहण्यापूर्वीच, तिची स्त्रीत्वाची चाचणी करावयाचे ठरले आहे, ही बातमी बाहेर फुटली होती, आणि जागतिक संघटनेच्या अधिकाऱ्यांनी ती नाकारली नाही. म्हणजे त्या संध्याकाळी जगातील लक्षावधी लोक तिची शर्यत पाहत नव्हते, तिचे शरीर पाहत होते. पुढच्याच महिन्यात चाचणीचा म्हणून निकालही परदेशी वृत्तपत्रांत छापून आला. संघटनेने तो अधिकृतपणे कधी प्रसिद्ध केला नव्हता.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. जवळजवळ वर्षभर ती स्पर्धांबाहेर राहिली. २०१० साली परतली ती शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कमी करणाऱ्या गोळ्या घेऊन. त्या गोळ्यांनी आपणांस सतत आजारी वाटे, असे तिने पुढे सांगितले. २०१२ व २०१६ या दोन्ही ऑलिंपिकांतील आठशे मीटरचे सुवर्णपदक तिच्या नावावर आहे, त्यांतील पहिले तिला मागाहून, पहिल्या आलेल्या रशियन धावपटूचे उत्तेजक द्रव्य उघडकीस आल्यावर मिळाले. २०१८ साली संघटनेने नवा नियम केला. चारशे मीटरपासून एक मैलापर्यंतच्या शर्यतींत धावावयाचे तर अशा स्त्रियांनी औषधाने हे संप्रेरक ठराविक मर्यादेखाली आणले पाहिजे. सेमेन्याने नकार दिला. १ मे २०१९ रोजी क्रीडा लवादाने तिच्या विरुद्ध निर्णय दिला, पण त्या निर्णयातच हा नियम भेदभाव करणारा आहे असेही मान्य केले. मात्र तो भेदभाव आवश्यक आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. मग तिने काय करावे? त्याच वर्षी ती जोहान्सबर्गच्या एका महिला फुटबॉल क्लबात दाखल झाली. पुढच्या वर्षी दोनशे मीटर धावून पाहिले, कारण नियम दोनशे मीटरला लागू नव्हता. आठशे मीटरची धावपटू दोनशेत उतरणे म्हणजे कीर्तनकाराने पोवाडा म्हणण्यासारखे आहे. ते साधले नाही. मग पाच हजार मीटर. तेही साधले नाही. मार्च २०२३ मध्ये नियम सर्वच शर्यतींना लागू झाला आणि तेही दार मिटले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एवढे म्हटले, की स्वित्झर्लंडच्या न्यायालयात तिचे म्हणणे पुरेशा बारकाईने ऐकले गेले नाही.

एकीकडे फुटबॉल, एकीकडे धावणे, आणि मध्ये सोळा वर्षे न्यायाधीशांच्या व डॉक्टरांच्या दारी. एका खेळाडूची कारकीर्द म्हणून हे पाहिले तर मन विषण्ण होते.

आता न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खरोखर आहे. स्त्रियांच्या शर्यती वेगळ्या ठेवल्या त्या कृपा म्हणून नव्हे. धावण्यात उत्तम पुरुष व उत्तम स्त्री यांच्यात सुमारे दहाबारा टक्क्यांचे अंतर पडते. शर्यत एकच ठेवली तर अंतिम फेरीत स्त्री दिसणारच नाही. म्हणून कोठेतरी रेघ आखणे भाग आहे. आणि ती रेघ आखली नाही तर ज्या मुलीचे नुकसान होईल, तीही कोणा मजुराचीच लेक असेल. पहाटे उठून, अर्ध्या पोटी धावत तीही आलेली असेल. चौथ्या क्रमांकावर येऊन रडत जाणाऱ्या त्या मुलीला आम्ही विसरलो, तर आमची कळवळ एकडोळी ठरेल. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक संघटनेने स्त्रियांच्या गटात धावणाऱ्या प्रत्येकीला आयुष्यात एकदा जनुकाची तपासणी सक्तीची केली आहे. तिच्या बाजूने व विरुद्ध जाणत्या लोकांनी पुष्कळ लिहिले आहे. रेघ नेमकी कोठे आखावी ह्याचा निवाडा देण्याची आमची योग्यता नाही, आणि ह्या लेखाचा तो विषयही नाही.

एवढे मात्र दिसते की ज्यांनी ज्यांनी ती रेघ अगदी स्पष्ट आहे असे मानले, त्यांना शरीराने वारंवार खोटे पाडले. १९६६ साली बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत खेळाडू स्त्रियांना डॉक्टरांच्या मंडळापुढे विवस्त्र उभे करण्यात आले. हे आमच्या पिढीच्या हयातीत झाले! पुढे १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये गालाच्या आतील पेशी खरवडून तपासू लागले. ते सभ्य होते, पण अचूक नव्हते. स्पेनची मारिया होसे मार्तिनेस पातिन्यो ही अडथळ्यांची शर्यत धावत असे. १९८५ साली जपानमध्ये तिची चाचणी प्रतिकूल आली. दुखापत झाल्याचे सोंग करून माघार घे, असा सल्ला तिला मिळाला. पुढे वर्तमानपत्रांत सारे आले, शिष्यवृत्ती गेली, मित्र गेले. ती भांडली. पुरुषी संप्रेरकाचा तिच्या शरीरावर काही परिणामच होत नव्हता हे सिद्ध झाले, आणि १९८८ साली तिला परत घेण्यात आले. तोवर धावण्याची वर्षे निघून गेली होती. १९९६ साली अटलांटा येथे ३३८७ स्त्रियांची तपासणी झाली, त्यांतील आठ जणींचा निकाल प्रतिकूल आला. आठही जणींना खेळू दिले. त्या आठ जणींची नावे जाहीर झाली नाहीत. ह्या गोष्टीकडे आमचे विशेष लक्ष वेधले. म्हणजे तपासणी करूनही गप्प राहता येते. ते अशक्य नव्हते.

आता शिक्षिकाबाईंच्या प्रश्नाकडे येतो. खरे बोललेले चुकते काय?

नोहाच्या तंबूची गोष्ट शब्बाथशाळेत आपण फारशी शिकवीत नाही. मुलांना ती अवघड वाटेल म्हणून गाळतो. नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला होता. हामाने ते पाहिले आणि बाहेर येऊन भावांना सांगितले. हामाने खोटे काय सांगितले? बाप उघडा होता, हे अक्षरशः खरे होते. शेम व याफेथ पाठमोरे चालत आत गेले, वस्त्र पांघरले आणि पाहिलेच नाही. त्या गोष्टीत दोष ठरला तो खरे सांगणाऱ्याकडे. (पुढे ह्याच गोष्टीतील शापाचा आधार घेऊन आफ्रिकेच्या माणसांना गुलाम करणे रास्त आहे, असे सांगणारे ख्रिस्ती म्हणविणारे लोक निघाले. वास्तविक तो शाप हामाला उद्देशून नाही, कनानाला आहे. पण ज्यांना हवे ते वाचावयाचे असते, त्यांना व्याकरण आडवे येत नाही.)

हामाचे काय चुकले? आमच्या मते हे, की जे त्याने पाहिले ते त्याच्या मालकीचे नव्हते. आपण समजतो, की सत्य हे हवेसारखे आहे, ज्याच्या हाती लागेल त्याचे. चोरी, अपहार, मंडळीच्या पैशाचा गैरव्यवहार, यांविषयीचे सत्य तसे आहे खरे, कारण त्यात इतरांचा वाटा असतो. पण माणसाच्या शरीराविषयीचे सत्य आधी त्या माणसाचे असते. डॉक्टरला ते कळते ते उसने. परीक्षकाला नियमासाठी जेवढे लागते तेवढेच कळावे, आणि त्यानेही ते उसने समजावे. उसनी वस्तू तिसऱ्याला देऊन टाकणारा 'वस्तू अस्सल होती' असे म्हणून सुटत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, की त्या मुलीनेच आधी लोकांना फसविले, तिचे कसले झाकावयाचे? येथे नीट विचार केला पाहिजे. फसविणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असावे लागते. जो जाणून उत्तेजक द्रव्य घेतो तो फसवितो. पण ज्या मुलीला सुईणीने मुलगी म्हटले, आईने मुलगी म्हणून वाढविले, शाळेच्या दाखल्यावर मुलगी लिहिले, आणि जिला स्वतःलाही आपण दुसरे काही आहोत असे कधी वाटले नाही, तिने कोणाला फसविले? तमिळनाडूची शांती सौंदरराजन ही वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईबापांची मुलगी. २००६ च्या डिसेंबरात दोहा येथे आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये तिला रौप्यपदक मिळाले. चाचणी झाली, पदक गेले, काही दिवसांतच देशभर दूरचित्रवाणीवर तिची कथा झाली. उत्तेजक घेणाऱ्याचे पदक जसे जाते तसेच तिचे गेले. शिक्षेत फरक दिसला नाही म्हणून लोकांनी गुन्ह्यातही फरक केला नाही. पुढच्या वर्षी तिने मरणाचा प्रयत्न केला, सुदैवाने वाचली. काही काळ तीही वीटभट्टीवर मजुरीला गेली. नंतर ती प्रशिक्षक झाली आणि तिने गरीब मुलांना धावावयास शिकविले. राज्य सरकारने दिलेल्या बक्षिसाच्या पैशातला वाटाही तिने शिष्यांवर खर्च केला, असे वाचनात आले.

ओडिशाची द्युती चंद हिला २०१४ साली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळले, तेव्हा तिच्या बाजूने उभे राहणारी काही माणसे निघाली. क्रीडा लवादाने २०१५ साली तो नियमच पुराव्याअभावी स्थगित केला आणि ती रिओ ऑलिंपिकला धावली. प्रतिमा आणि द्युती यांच्यात तेरा वर्षांचे अंतर आहे. त्या तेरा वर्षांत कायदा थोडा शहाणा झाला. माळावर मागच्या ओळीत बसणारे आम्ही किती झालो, हा प्रश्न वेगळा.

शास्त्रात आणखी एक प्रसंग आहे. तो दर नाताळात आपण ऐकतो आणि पुढे जातो. योसेफाला मरीयेविषयी एक गोष्ट कळली होती. तीही तिच्या शरीराविषयीच. त्याच्या समजुतीप्रमाणे ती खरी होती आणि त्याला दुखावणारी होती. गावात सांगण्याचा अधिकार त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला होता, किंबहुना सांगणे हेच धार्मिकपणाचे लक्षण मानले गेले असते. तो काय करणार होता? तिची बेअब्रू न करता गुप्तपणे तिला सोडावे, असा त्याने विचार केला. हे त्याने ठरविले ते स्वप्न पडण्यापूर्वी. म्हणजे मरीया निर्दोष आहे हे कळल्यावर त्याने तिला झाकले असे नाही. ती दोषी आहे अशी समजूत असतानाच त्याने तिला झाकावयाचे ठरविले, आणि मत्तय त्याला नीतिमान म्हणतो तो ह्याच ठिकाणी. दुसरेही ध्यानात घ्यावे. योसेफाला जे कळले होते ते खरे होते, पण पुरते नव्हते. मूल होणार होते हे खरे होते, त्यावरून त्याने जे अनुमान काढले ते चुकीचे होते. गावात त्याने सांगितले असते, तर खरी वस्तुस्थिती व चुकीचे अनुमान ही एकाच वाक्यातून गेली असती, आणि वेगळी करता आली नसती. मार्तिनेस पातिन्योचे नेमके तेच झाले. चाचणीने सांगितले ते खरे होते, लोकांनी ऐकले ते खोटे होते.

शंका कोणावर येते, हेही पाहावे. गोऱ्यापान, नाजूक, वेणी घातलेल्या धावपटूकडे कोणी बोट दाखवीत नाही. बोट जाते ते काळ्या, रुंद खांद्याच्या, घोगऱ्या आवाजाच्या मुलीकडे. बर्लिननंतर दक्षिण आफ्रिकेतील एका मासिकाने सेमेन्याला दागिने घालून, चेहरा रंगवून, केस वळवून मुखपृष्ठावर छापले. जणू स्त्री असल्याचा तो दाखलाच! आमच्या आजीचे हात आम्हांला आठवतात. भाताच्या लावणीने व लाकडाच्या मोळ्यांनी ते पुरुषाच्या हातासारखे झाले होते आणि तिचा आवाज शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर जाई. तिला शर्यतीत उतरविले असते तर मागच्या ओळीतून काय ऐकू आले असते, कोण जाणे. तिच्या काळी तिला कोणी शर्यतीत उतरविले नाही, एवढीच तिची सुटका.

घरी परतल्यावर धारगळचा हा प्रसंग आम्ही जेवताना सांगितला. हेतू चांगला होता. लोक कसे निर्दय असतात हे मुलाबाळांना कळावे. सर्वांनी लक्षपूर्वक ऐकले, हळहळलेही, आणि मग आमच्याच घरातील एकाने विचारले, "पण मग ती होती कोण? मुलगा की मुलगी?" आम्ही रागावलो. पण राग ओसरल्यावर ध्यानात आले, की तो प्रश्न पेडण्याच्या माळावरून आमच्या जेवणाच्या पाटापर्यंत दुसऱ्या कोणी आणला नव्हता. सव्वाशे मैल आम्हीच तो वाहून आणला होता. आणि आणखी एक सांगावयाचे राहिले. त्या दुपारी मागे हसू फुटले तेव्हा आम्ही वळून पाहिले ते त्या बोलणाऱ्यांकडे नव्हे, त्या मुलीकडे.

शिक्षिकाबाईंना आम्ही ह्यातील काही विचार पत्राने कळविले. हामाच्या गोष्टीविषयी त्यांचे म्हणणे असे पडले, की मोठ्या वर्गाला ती शिकविता येईल, पण द्राक्षारसाविषयी मुले फार प्रश्न विचारतील. ते खरेच आहे. योसेफाविषयी त्यांनी काही लिहिले नाही. त्यांनी लिहिले ते उन्हाळी शिबिराविषयी. जागा शेवटी दुसरीकडे मिळाली, एका जुन्या शाळेची इमारत. ह्या वर्षी एका मुलाला, की मुलीला, हे त्यांनी लिहिले नाही आणि आम्ही विचारले नाही, इतरांसमोर कपडे बदलावयाचे जिवावर येते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, त्या मुलाच्या घरीही नाही. न्हाणीघरांची दारे पूर्वीपासून नुसती लोटलेली असत. सुताराला बोलावून त्यांनी सगळ्याच दारांना आतून कड्या बसवून घेतल्या. खर्च तीनशे चाळीस रुपये आला. पंचांनी विचारले, तेव्हा दारे वाऱ्याने आपटतात असे बाईंनी सांगितले, आणि हिशेबात ती रक्कम 'किरकोळ दुरुस्ती' ह्या खात्यावर दाखविली आहे.